‘गूळ किंवा साखर’ मधला ‘किंवा’

होळीच्या आधीचे आठ दिवस माझ्या फोनवर फक्त पुरण असतं. डाळ धुतली जाते, कुकरची शिट्टी होते, पुरणयंत्राची दांडी फिरते, तव्यावर पोळी टम्म फुगते आणि करणारी बाई कॅमेऱ्याकडे बघत ‘बघा, कुठेही फुटली नाही’ म्हणते. मी एकामागून एक रील बघत जातो. भूक लागलीय म्हणून नाही. मला त्यातला एकच शब्द ऐकायचा असतो, साहित्य सांगताना येणारा. ‘एक वाटी हरभऱ्याची डाळ, एक वाटी गूळ किंवा साखर, वेलची-जायफळ आवडीनुसार.’ हे वाक्य कुणा एकाचं नाही. ते छापील पुस्तकांत होतं, मग मासिकांच्या पाककृतीच्या पानांवर होतं, आता रीलच्या खाली आहे. मराठीत इतकी नक्कल झालेलं गद्य दुसरं क्वचितच असेल. कवितेच्या एका ओळीवर आपल्याकडे पानंच्या पानं लिहिली जातात. या ओळीवर कुणी चार शब्द लिहिलेले मला सापडले नाहीत.

माझी तक्रार त्यातल्या ‘किंवा’बद्दल आहे.

‘किंवा’ म्हटलं की ओट्यावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन भरलेल्या बरण्या डोळ्यांसमोर येतात. एकीत गूळ, एकीत साखर, आणि हात मनाला येईल तिकडे जाणार. मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला. आमच्या घरात या दोन्ही बरण्या एकाच वेळी भरलेल्या मी फार थोड्या वेळा पाहिल्या आहेत. पुरणात काय जाणार हे आमच्याकडे कधी आवडीवर ठरलं नाही. त्या वेळी घर कुठे आहे यावर ठरलं: गावात आहे की फडावर.

पुरण म्हणजे मुळात भरण, आत भरायचं ते. बीडकडे वर्षभर काही ना काही भरलं जातं. नागपंचमीला दिंडं, पोळ्याला बैलांच्या तोंडी द्यायची पोळी, भादव्यात महालक्ष्म्यांचा नैवेद्य, होळी, पाडवा, आणि तीन वर्षांतून एकदा अधिक महिना आला की जावयाला बोलावून धोंडे. वरचं आवरण बदलतं, कधी उकडलेलं, कधी तळलेलं, कधी भाजलेलं. आतलं तेच. या भागाचं रोजचं ताट भाकरीचं: ज्वारी, बाजरी, तुरीचं वरण, ठेचा, फार तर येसूर घातलेली आमटी. त्यामुळे गव्हाचं पीठ, हरभऱ्याची डाळ, गोड आणि तेल-तूप हे सगळं एकाच दिवशी चुलीपाशी जमलं की तो सण. सण आला म्हणून पुरण, हे खरंच. पण माझ्या आजीच्या पिढीत उलटंही खरं होतं. पुरणाचं साहित्य जमलं की सण झाला, आणि नाही जमलं तर नुसती तिथी गेली.

आता पुस्तकाकडे येतो, कारण समीक्षा करायची तर आधी चांगल्या पुस्तकाची करावी. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. मराठी घरात लग्नात भेट म्हणून दिलेलं, हळदीचे डाग पडलेलं, पानं सुटलेलं ‘रुचिरा’ कुठे ना कुठे असतंच. ओगल्यांनी एक मोठं काम केलं. ‘अंदाजाने’ हा शब्द हद्दपार केला आणि त्या जागी वाटी आणि चमचा आणला. ज्या मुलीच्या शेजारी सासू उभी नाही, आई दोनशे मैलांवर आहे, तिला अंदाज कुठून येणार? तिला वाटी हवी. त्या मुलीला ‘रुचिरा’ने फसवलं नाही. कृती तुटक, सरळ, फाजील कौतुक न करणाऱ्या. आजच्या रीलवाल्यांनी त्या गद्यापासून थोडं शिकायला हरकत नाही.

पण वाटीच्या मापाला एक घर गृहीत असतं. चार माणसं, एक गॅस, जवळ किराणा दुकान. वाटी सांगते किती घ्यायचं. ते कुठून आलं हे तिला सांगता येत नाही. आईचं माप मुठीचं आहे. माणसामागे एक मूठ डाळ, आणि वर दोन मुठी आल्यागेल्याच्या. पोळ्याला त्यात बैलही धरायचे. आमच्याकडे बैल होते तोवर ती माणसांच्या आधी बैलांच्या मुठी मोजायची, आणि बैल विकल्यावरच्या पहिल्या पोळ्याला सवयीने मोजून गेली. डाळ शिजली, पोळ्या उरल्या, दुसऱ्या दिवशी आम्ही खाल्ल्या. हा हिशोब वाटीत बसत नाही, आणि बसावा अशी ओगल्यांकडून अपेक्षाही नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की पन्नास वर्षं आपण त्या वाटीच्या पुढे गेलो नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तकांमुळे तुटली. पुरणाची डाळ शिजवताना जे पाणी निघतं ते येळवणी. त्यात येसूर, चिंच, थोडा गूळ, वरून फोडणी, की झाली कटाची आमटी. डाळ एकच, पदार्थ दोन. आमच्याकडे डाळ निवडतानाच आमटीचा विचार असतो. पाणी मुद्दाम जास्त घालायचं, कारण पोळ्या मोजून असतात आणि आमटी मोजून नसते. पोळी संपली तरी आमटी-भाकरीवर घर जेवतं. बहुतेक पाकपुस्तकांत पोळी पक्वान्नांच्या भागात आणि आमटी आमट्यांच्या भागात. मध्ये चाळीस-पन्नास पानं. कुकरने तर येळवणीच संपवली. बेताचं पाणी, चार शिट्ट्या, सगळं डाळीतच जिरलेलं. पुरण झकास होतं, मागे काही उरत नाही. पुरणाच्या साहित्यात ‘पाणी’ हा शब्द किती कृतींत येतो ते बघा. जिथे येत नाही, ती कृती लिहिणाऱ्याला आमटी ताणायची गरज पडलेली नाही असं खुशाल समजावं.

आता फडावरचं पुरण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे निघायचं, कारखान्याचा पट्टा पडला की परतायचं, साधारण पाडव्याच्या सुमाराला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो आणि ती अंगावर फेडायची. आठवड्याला हातात येते ती खर्ची. राहायला कोपी, म्हणजे बांबू, पाचट किंवा ताडपत्रीची झोपडी. होळी या सगळ्याच्या आत येते. गाळप जोरात असतं किंवा संपत आलेलं असतं, आणि त्या दिवशी तोड बंद राहील याची काही खात्री नसते.

माझे आई-वडील अकरा हंगाम गेले. पहिले काही हंगाम मी बरोबर होतो, पुढे आजीकडे गावात राहिलो. म्हणून माझ्याकडे दोन होळ्या आहेत. गावातली होळी: आजीचं हरभऱ्याच्या डाळीचं, गुळाचं, सुंठ-बडीशेप घातलेलं, पाट्यावर वाटलेलं पुरण. फडावरची होळी: आईचं तुरीच्या डाळीचं, साखरेचं पुरण.

तुरीच्या डाळीचं. हे वाचून कुणाच्या तरी कपाळावर आठी पडली असणार. पडू द्या. आईची निवड मी आता एखाद्या मजकुरासारखी वाचतो, आणि तिच्यात एकही शब्द उगाच नाही.

तूर, कारण ती पोत्यात होती. हंगामाला निघताना घरची ज्वारी-बाजरी आणि तुरीची डाळ बरोबर घेतात, त्यावर पाच-सहा महिने काढायचे असतात. हरभऱ्याची डाळ बाजाराच्या दिवशी खर्चीतून विकत घ्यावी लागली असती. दुसरं कारण जाळाचं. फडावर सरपण म्हणजे मुख्यतः पाचट, उसाचा वाळलेला पाला. पाचट भसकन पेटतं आणि तितक्याच लवकर बसतं. भाकरीला ते चालतं. हरभऱ्याच्या डाळीला मंद, लांब, एकसारखा जाळ लागतो. पाचटावर ती शिजवायची तर एका माणसाने चुलीसमोरून उठायचं नाही. आई पहाटे चारला फडात जाणार होती. तूर लवकर शिजते. तिसरं, वाटायचं कशाने? पाटा-वरवंटा गाडीत घालून कोण नेतो? तुरीची डाळ इतकी मऊ होते की पितळी तांब्याच्या बुडाने घोटली तरी पुरण होतं. पोळी हरभऱ्याच्या पुरणाइतकी भरून लाटता येत नाही. पुरण किंचित चिकट राहतं, जास्त वेळ आटवावं लागतं, आणि तुरीचा वास जात नाही. आई बडीशेप दुप्पट घालायची. तेवढी पुडी ती घरूनच न्यायची.

गुजरातमध्ये पुरणपोळी तुरीच्या डाळीचीच करतात आणि तिला कुणी तडजोड म्हणत नाही. कर्नाटकात होळिगेला काही घरांत तूर घेतात, काही घरांत हरभरा. म्हणजे आईचं पुरण दोनशे-तीनशे किलोमीटर इकडेतिकडे सरकवलं असतं तर ते ‘पारंपरिक’ झालं असतं. बीडच्या माणसाने सांगली-कोल्हापूरकडच्या फडात केलं, म्हणून त्याला नाव मिळालं नाही.

आणि साखर. इथे माझीच फजिती सांगतो.

पुण्यात नोकरी लागल्यावर पहिल्या होळीला मी स्वतः पुरण केलं. दुकानातून सेंद्रिय म्हणून मिळणारा, काळसर, साखरेपेक्षा कितीतरी महाग गूळ आणला. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला आणि शहाणपणाने विचारलं, ‘तू फडावर साखर का घालायचीस गं? आपल्याकडे तर गुळाचं असतं.’ मला वाटलं होतं ती म्हणेल, गूळ परवडत नव्हता. उसाच्या देशात राहून गूळ परवडत नव्हता, असं काहीतरी करुण मला हवं होतं. लिहायला बरं पडतं. ती म्हणाली, ‘गुळात कचकच असती. गाळावा लागतो. तिथं कोपीत फुफाटा आन् वरून गूळ गाळीत बसू व्हय? साखर टाकली की झालं.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘आन् गुळाचं मपलं काय कौतिक? रोज चहात गूळच व्हता. सणाला तरी पांढरं खावं.’

या दोन वाक्यांनी माझ्या डोक्यातला निबंध मोडला. मी ‘किंवा’ला दोष देत होतो, कारण तो गरिबी लपवतो. आईने दाखवलं की तिची निवड ही निवडच होती. अडचणीतली, पण तिची. तिच्या लेखी गूळ रोजचा आणि साखर सणाची. माझ्या लेखी साखर रोजची आणि गूळ सणाचा. एका पिढीत दोन बरण्यांनी जागा बदलल्या, आणि कृती दोघांनाही तेच सांगत राहिली: गूळ किंवा साखर.

साखरेची आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला सवलतीच्या दराने साखर मिळते. सभासद म्हणजे ज्याचा शेअर आहे, ज्याचा ऊस आहे. तोडणारा सभासद नसतो. आईने दिवसभर ज्या उसाच्या मोळ्या बांधल्या त्याची साखर ती आठवडी बाजारात किलोच्या भावाने घ्यायची. हे सांगताना ती कडू होत नाही. मी होतो.

बरं, निव्वळ स्वयंपाकघरापुरतं बघितलं तरी तो ‘किंवा’ टिकत नाही. गूळ आणि साखर एकमेकांच्या जागी घालायच्या वस्तू नाहीत. नुसती साखर घातलेलं पुरण आधी सैल पडतं, मग आटवावं लागतं, आणि जरा जास्त आटलं की गार झाल्यावर घट्ट, कोरडं होतं. शिळ्या पोळीत ते जाणवतं. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज-फ्रुक्टोजही असतं, ते ओल धरून ठेवतं, म्हणून गुळाचं पुरण दुसऱ्या दिवशीही मऊ राहतं. दोन्हींना लागू पडणारी एकच गोष्ट, आणि ती मात्र कृतींत ठळक लिहायला हवी: डाळ पूर्ण शिजल्याशिवाय गोड घालायचं नाही. गोड आत गेलं की डाळ शिजायची थांबते, मग कितीही उकळा, कणी राहते. गुळातही फरक आहेच. चिक्कीचा गूळ पुरणाला नको, पोळी चिवट होते. पिवळाधमक, साबणाच्या वडीसारखा गूळ बघितला की हायड्रॉसची पावडर घालून रंग उजळला असेल अशी शंका येते, आणि ती पुष्कळदा खरी असते. पण काळा म्हणजे शुद्ध हा रीलवरचा नवा मंत्रही तितकाच भाबडा आहे. गुळाचा रंग उसाच्या जातीवर, जमिनीवर, काहिलीत रस किती वेळ उकळला यावरही ठरतो. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि त्याची ओळख फिकट, सोनेरी रंगाची आहे. तिथे रसातली मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरायची जुनी पद्धत आहे. रंगावरून चारित्र्य ठरवायची खोड आपल्याला गुळातही आहे.

रीलवर मी रागावलो आहे असं वाटत असेल तर तसं नाही. गावातल्या कितीतरी बाया चुलीपुढे फोन उभा करून आपली भाषा न बदलता स्वयंपाक दाखवतात, आणि त्यांचं ऐकायला मला ‘रुचिरा’ वाचण्यापेक्षा जास्त आवडतं. त्या ‘येळवणी’ म्हणतात, ‘डाळीचं पाणी’ म्हणत नाहीत. ‘पुरणात उलथणं उभं राहिलं पाहिजे’ म्हणतात, अमुक मिनिटं म्हणत नाहीत. माझा राग ‘गावरान’, ‘ऑथेंटिक’, ‘आजीच्या हातचं’ या पाट्यांवर आहे. या पाट्या लावलेल्या बहुतेक व्हिडिओंत नवीकोरी मातीची भांडी असतात, पितळेची घासूनपुसून लखलखीत परात असते, केशराच्या काड्या असतात. बीड जिल्ह्यातल्या कुठल्या आजीने पुरणात केशर घातलं, मला दाखवा. आणि साहित्यात ‘हरभरा डाळ’ सांगताना एवढी गावरान नजर असूनही कुणी एवढंसुद्धा विचारत नाही की डाळ कुठल्या हरभऱ्याची. शेतकऱ्याला बियाण्याचं नाव पाठ असतं, दिग्विजय, जॅकी, विजय. तोच हरभरा मिलमधून डाळ होऊन दुकानात आला की नुसता ‘एक नंबर’ होतो. मग पिवळ्या वाटाण्याची डाळ त्यात मिसळली तरी पुरण घोटेपर्यंत कळत नाही. डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा आयात शुल्काशिवाय देशात येऊ दिला गेला. तो हरभऱ्यापेक्षा स्वस्त, आणि बेसनात त्याची भर पडते हे दुकानदारही सांगतात. पुरणाच्या साहित्यातली खरी निवड आज इथे आहे, आणि या निवडीवर एकही रील मी पाहिलेलं नाही.

सणाच्या साहित्याची आणखी एक यादी आहे, तिला कुणी पाककृती म्हणत नाही. पण मी म्हणतो. २०२२ च्या दिवाळीला राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ आणला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो हरभरा डाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. नेहमीच्या रेशन कार्डांबरोबर मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तो होता, म्हणजे बीडलाही. २०२३ च्या पाडव्याला आणि गौरी-गणपतीला पुन्हा आला. ही यादी नीट वाचा. डाळ आणि साखर एकास एक: पुरण. रवा आणि साखर: शिरा, करंजी. तळायला पामतेल. मंत्रालयात बसून कुणीतरी महाराष्ट्राच्या सणाची कृती लिहिली, आणि तिच्यात ‘किंवा’ नाही. गूळ नाही. साखरच.

या पिशवीची टिंगल करणं सोपं आहे. तिच्यावर नेत्यांचे फोटो होते, पहिल्या दिवाळीत ती अनेक ठिकाणी उशिरा पोहोचली. पण मला ती लिहिलेल्या कृतींहून प्रामाणिक वाटते. सण करायला साहित्य लागतं आणि ते सगळ्यांकडे नसतं, हे तिने गृहीत धरलं. आमच्याकडे त्या दिवाळीला भाऊ-वहिनी निघण्याच्या गडबडीत होते. रेशन दुकानात आई अंगठा लावून आली. डाळ तिने हातात घेऊन बघितली, दोन दाणे चावले आणि ‘चांगली हाय’ म्हणाली. ते पुरण दिवाळीला झालंच नाही. एक किलो डाळ पिशवीत बांधून वहिनीच्या सामानात गेली.

म्हणजे त्या वर्षी फडावर हरभऱ्याच्या डाळीचं पुरण झालं.

पुरणाचं असं वाचन करायचं सुचलं ते शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मुळे. २०१५ साली आलेलं हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकघरांबद्दल आहे; २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांच्या अनुवादाने ते इंग्रजीत गेलं आणि मग इकडेही पुष्कळांना नव्याने सापडलं, जे आपल्याकडे होतंच. नावातला ‘अ’च पुस्तकाची भूमिका सांगतो. पाटोळे कृती देतात, पण कृतीच्या आधी सांगतात की हे कुणाच्या वाट्याला आलं, कधी आलं, का आलं. त्यांच्याकडे साहित्याची यादी ही आठवणीचाच भाग असते, आणि ती भूक सुंदर करून दाखवत नाही. काही ठिकाणी मला त्यांचं पुस्तक विस्कळीत वाटतं. एखाद्या पदार्थावर ते थांबावेत असं वाटत असताना ते पुढच्याकडे निघून जातात. पण ‘रुचिरा’ आणि हे पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचलं तर कळतं, पहिल्यात माप आहे, दुसऱ्यात कारण आहे. फडाच्या चुलीचं पुस्तक मात्र अजून माझ्या हाती आलेलं नाही. पाचटावर काय शिजतं आणि काय शिजत नाही, खर्चीच्या दिवशी बाजारातून काय आणायचं आणि काय घरून न्यायचं, पाच महिने लोणचं कशात टिकतं, वाढं विकून आलेल्या पैशात सणाचं काय येतं. वाढं म्हणजे उसाचे शेंडे, जनावरांना घालायला लोक विकत नेतात. तो पैसा बहुतेक बायांच्या हातात असतो, आणि माझ्या अंदाजाने फडावरचं पुष्कळसं गोडधोड त्यातून आलेलं आहे. आईच्या साखरेबद्दल मला हे पक्कं माहीत आहे.

मी तिला म्हटलं होतं, तुझं तुरीचं पुरण मी लिहितो. तिला ते पटलं नाही. ‘ते काय लिहायचंय? व्हतं ते घातलं.’ मग साहित्याची यादी आम्ही दोघांनी मिळून केली. मी लिहिलं, ‘तुरीची डाळ चार मुठी’. ती म्हणाली, ‘घरची लिही.’ मी ‘घरची’ जोडलं. ‘साखर’ लिहिलं, तर म्हणाली, ‘वाढ्याच्या पैशाची.’ ‘बडीशेप, सुंठ’ लिहिलं. पाणी किती, विचारलं, तर हसली. ‘टँकर आला आसंल तर जास्त.’

या होळीला ती गावात होती, नातवंडांना घेऊन. भाऊ-वहिनी अजून फडावर. रात्री नऊला वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. कोपीत आता बल्ब आहे, छोटी गॅस शेगडी आहे, कुकरही आहे. वहिनीने फोन टोपाच्या अगदी जवळ नेला, वाफेने काच धुरकट झाली.

‘डाळ कोणती घातलीस?’ आईने विचारलं.

‘तुरीची, आत्या.’

‘आगं, आता तर कुकर हाय की.’

‘हाय की. पण पोरायला तुमच्यासारखंच लागतं.’

आईने फोन माझ्या हातात दिला आणि बडीशेपेची पुडी संपली का ते विचारायला सांगितलं.